सतरा अक्षरांचा फॅनशॉ

माझं आडनाव पिंपळगावकर. हे मी प्रौढीने सांगत नाही. प्रौढी मिरवावी असं त्यात काही नाही. महाराष्ट्रात जितके पिंपळ, जवळजवळ तितकीच पिंपळगावं. आडनाव सांगितलं की कुणी विचारतं, "म्हणजे नाशकाकडचं पिंपळगाव बसवंत का?" कुणी विचारतं, "जळगावकडचं पिंपळगाव हरेश्वर का?" आमचं पिंपळगाव यांपैकी कुठलंच नव्हे. ते इतकं लहान आहे, की एस.टी. तिथे थांबते ती निव्वळ ड्रायव्हरच्या चांगुलपणामुळे. मी आयुष्यात तिथे दोनदा गेलो. पहिल्या खेपेला पिंपळ होता. दुसऱ्या खेपेला त्या जागी पाण्याची टाकी होती.

तरीपण आडनाव ते आडनाव. पणजोबांपासून चालत आलेली आमच्या घरातली ती एकच वस्तू, जिच्या वाटणीवरून कधी भांडण झालं नाही. सगळ्यांना अख्खंच्या अख्खं मिळालं. आणि ते मोडायला निघाला कोण, तर आमचा सख्खा पुतण्या!

पुतण्या इंग्लंडात असतो, लेस्टरला. मी पूर्वी त्याला 'लायसेस्टर' म्हणायचो. त्याच्या गावाचं स्पेलिंग मी वाचलं होतं आणि वाचल्याप्रमाणे म्हणायचं, हा माझा भोळा मराठी संस्कार. पुतण्याने फोनवर मला दोनतीनदा दुरुस्त केलं. "काका, लायसेस्टर नाही, लेस्टर. मधली अक्षरं म्हणायची नसतात." मी बरं म्हटलं. ज्याचं गाव, त्याला ठाऊक.

तर परवा त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, पाऊस झाला, गुडघे झाले, आणि मग तो जरा खाकरून म्हणाला, "काका, एक सांगायचं होतं. आम्ही आडनाव बदललं."

"बदललं म्हणजे?"

"म्हणजे लहान केलं. इथे रीतसर कागद करून घेता येतो. साक्षीदाराची सही लागते, बस्स. आता आम्ही पॉल."

मी खुर्चीत बसलो. बसलेलोच होतो, पण पुन्हा बसलो.

"पॉल? हे पॉल कुठून आलं?"

"आपल्याच आडनावातून, काका! पिं-पळ-गावकर. त्यातलं मधलं घेतलं. पी, ए, एल. त्याचं पॉल केलं."

म्हणजे आमच्या आडनावातून चिरंजीवांनी 'पळ' काढला होता!

त्याची कैफियत मी शांतपणे ऐकून घेतली. ती अगदीच टाकाऊ होती असं म्हणणार नाही. दवाखान्यात नंबर आला की तिथली बाई हातातला कागद पाहते, दीर्घ श्वास घेते, तोंड उघडते, मिटते आणि नुसतीच हसते. हा समजतो की आपला नंबर आला, आणि उठतो. ऑफिसात नवीन साहेब आला की पहिल्या दिवशी विचारतो, "तुला काही सोपं नाव आहे का?" मुलाच्या शाळेत हजेरी घेताना बाई 'पिंप'पर्यंत येऊन थांबतात. या चार अक्षरांचा मराठीत अर्थ पाणी साठवायचं भांडं इतकाच असला, तरी इंग्रजीत जो होतो तो मी इथे छापू शकत नाही. घरी हे पुस्तक सगळे वाचतात.

"काका, त्यांच्या जिभेला जमतच नाही हो! तेरा अक्षरं! इंग्रज माणसाला एवढी लांब नावं झेपत नाहीत."

हे शेवटचं वाक्य मात्र मला झेपलं नाही. फोन ठेवला आणि मी कपाटातून वुडहाउस काढला.

हा वुडहाउस म्हणजे पी. जी. वुडहाउस. त्याच्या आडनावातल्या 'वुड'च्या इंग्रजी स्पेलिंगात दोन 'ओ' नाहीत, एकच आहे. आमच्या पिढीने मुंबईत कुलाब्याच्या वोडहाउस रोडवरून आयुष्यभर ये-जा केली. वाचल्याप्रमाणे त्याला वोडहाउसच म्हटलं, आणि मग कुणातरी शहाण्याने आम्हांला हसून दुरुस्त केलं. या वुडहाउसचा एक नायक आहे, युक्रिज. १९०६ साली तो पहिल्यांदा पुस्तकात आला. सदा कर्जात बुडालेला आणि सदा नवी लोणकढी योजना घेऊन येणारा. त्याचं मधलं नाव मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं होतं. ते नाव रोमन लिपीत लिहिलं तर सतरा अक्षरं होतात. वाचल्याप्रमाणे म्हणायला गेलं तर साधारण 'फेदरस्टोनहॉग' असं काहीतरी होतं. हे नाव म्हणजे इंग्लंडातलं खरंखुरं, जुनं आणि दुर्मिळ आडनाव आहे. आणि ते म्हणायचं कसं?

फॅनशॉ.

चेष्टा नाही. सतरा अक्षरं लिहायची आणि फॅनशॉ म्हणायचं. पिंपळगावकरातली तेराच्या तेरा अक्षरं सकाळी दहाला कामावर हजर असतात, एकही फुकटचा पगार खात नाही. आणि या सतरांतली निम्मीअधिक अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या नुसती बसून आहेत! आता बोला! कुणाचं नाव लांब? कुणाच्या जिभेला काय झेपत नाही?

मग मी हट्टालाच पेटलो. या आडनावाची कुळकथा शोधून काढली. (आमची ही म्हणाली, "एवढा शोध चष्म्याचा घेतला असतात तर चष्मा सापडला असता.") ती कुळकथा अशी.

इंग्लंडच्या अगदी उत्तरेला नॉर्थम्बरलँड नावाचा परगणा आहे. तिथे साउथ टाइन नदीच्या काठी फेदरस्टोन नावाचं ठिकाण आहे. तिथला वाडा, म्हणजे तिकडच्या भाषेत कॅसल, तेराव्या शतकापासूनचा. इंग्लंडात आणखीही फेदरस्टोन आहेत. एक यॉर्कशरमध्ये, एक स्टॅफर्डशरमध्ये. म्हणजे त्यांच्याकडेही बसवंत आणि हरेश्वर आहेतच! या नदीकाठच्या फेदरस्टोनला जोडून 'हॉ' हा शब्द आला. उत्तरेकडे हॉ म्हणजे नदीकाठची सपाट, गाळाची जमीन. आपल्याकडे हिला मळई म्हणतात. इंग्रजांनी हा एवढासा हॉ लिहायला पाच अक्षरं खर्ची घातली आहेत, ते एक सोडून द्या.

आता 'फेदरस्टोन'. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, फेदर म्हणजे पीस, स्टोन म्हणजे दगड. पिसाचा दगड. इंग्लंडातलेही पुष्कळ लोक असंच समजतात. पण नाही. जुन्या इंग्रजीत समासात 'फेदर' असा शब्द येई, त्याचा अर्थ 'चार'. पिसाशी त्याचं नातं नाही. नातं आहे ते आपल्या 'चतुर्'शी! हे दोन्ही शब्द एकाच फार फार जुन्या शब्दाची लेकरं. एक वायव्येकडे गेलं आणि त्याच्या पहिल्या आवाजाचा फ झाला, दुसरं आपल्याकडे आलं आणि चतुर्थीला उपास करू लागलं. तेव्हा फेदरस्टोन म्हणजे चार दगड. तीन उभे आणि त्यांच्यावर एक आडवा, अशी प्राचीन काळची रचना तिथे असावी, असा गावांच्या नावांच्या अभ्यासकांचा अर्थ. या विद्येतला नाणावलेला कोश १९३६ साली लिहिला तो एक्वाल नावाच्या स्वीडिश पंडिताने. म्हणजे इंग्रजांना त्यांच्याच गावांच्या नावांचा अर्थ सांगायला स्वीडनचा माणूस लागला. आपल्याला मोल्सवर्थ लागला, त्याचं फारसं वाईट वाटून घ्यायला नको.

तेव्हा हे सतरा अक्षरी खानदानी आडनाव मराठीत आणलं तर होतं 'चौदगडमळईकर'. पिंपळगावकराहून त्यात जास्त काय आहे? त्यांच्या गावात चार दगड होते, आमच्या गावात एक पिंपळ होता. दोघांचीही नावं गावावरून पडली, दोघांचेही पूर्वज आपण कुठले ते सांगत होते. फरक इतकाच, की त्यांचा फॅनशॉ झाला आणि आमचा पॉल.

इथे कुणी म्हणेल, "पण त्यांनीही नाव लहान केलंच की! सतराचं फॅनशॉ केलं." इथेच तर खरी गोम आहे. त्यांनी लहान केला तो उच्चार. बोलणारी जीभ आळशी असते, ती शतकानुशतकं नाव घासत राहते. आपल्याकडे हेच झालं. प्रतिष्ठानाचं पैठण झालं, करहाटकाचं कऱ्हाड झालं, शूर्पारकाचं सोपारा झालं. पण आपण सरळ माणसं. जीभ बदलली, तसं लिहिणं बदललं. इंग्रजाने जीभ मोकळी सोडली आणि लिहिणं तिजोरीत ठेवलं. आपण इंग्रज असतो तर एस.टी.च्या पाटीवर 'प्रतिष्ठान' लिहिलं असतं, कंडक्टर 'पैठण' ओरडला असता, आणि प्रतिष्ठानचं तिकीट मागणाऱ्या परक्या माणसाकडे सगळी गाडी दयेने बघत बसली असती.

आणि हे एकटं उदाहरण नाही. चोलमोंडेली असं दिसणारं आडनाव 'चमली' म्हणायचं. मार्जोरीबँक्सचं 'मार्चबँक्स', मेनवेअरिंगचं 'मॅनरिंग', ब्यूचॅम्पचं 'बीचम'. ही सगळी बड्या घरांची नावं. चुकलात, तर लाज कुणाची? त्या नावाच्या मालकाची? छे! लाज तुमची. तुम्ही वरच्या वर्तुळातले नाही, हे तुम्ही एका शब्दात जाहीर केलंत. म्हणून सारं इंग्लंड मुकाट्याने ही नावं पाठ करतं. बरं, सगळे चौदगडमळईकर फॅनशॉ म्हणवून घेतात असंही नाही. काही घरं नाव पुरतं उच्चारतात, काहींची आणखी निराळी तऱ्हा. काहींनी लिहिताना एकदोन अक्षरं गाळलीही आहेत. मग सभ्य माणूस काय करतो? मालकालाच विचारतो, "तुमचं नाव कसं म्हणायचं?" आणि मालक सांगेल तसं म्हणतो. पहा, विचारता येतं! दीर्घ श्वास घेऊन नुसतं हसण्याची गरज नसते.

माझा मुद्दा हाच आहे, वाचकहो. नाव कठीण नसतं. अक्षरं मोजून नाव कठीण ठरत असतं, तर सतरांपुढे तेरा सोपी ठरली असती. माणूस मोठा वाटला की त्याचं नाव शिकून घेतात. माणूस किरकोळ वाटला की त्याचं नाव कठीण होतं. बिचाऱ्या जिभेवर उगाच आळ!

याच आडनावाच्या घरातली गोष्ट घ्या. ससेक्समध्ये अपपार्क नावाचा वाडा आहे. तिथल्या सर हॅरींनी १८२५ साली, सत्तरी उलटल्यावर, आपल्याच दूधघरात काम करणाऱ्या मेरी अ‍ॅन बुलक या मुलीशी लग्न केलं. ती त्यांच्याहून अर्धशतकाने लहान. सर हॅरी १८४६ साली गेले. बाई मागे राहिल्या, आणि त्यांच्यामागे वाडा त्यांच्या बहिणीकडे गेला. या बहिणीचं आडनाव बुलक. दोन अवयवांचं, सुटसुटीत, दवाखान्यातल्या बाईला एका श्वासात पुकारता येईल असं. तिने काय केलं? ते टाकून हे लांबलचक आडनाव घेतलं! (पुढे एच. जी. वेल्स म्हणून प्रसिद्ध झालेल्या लेखकाची आई याच बाईंच्या पदरी १८८० ते १८९३ घर सांभाळायला होती.) त्यानंतरच्या वारसांनीही वाड्याबरोबर आडनाव आपल्या आडनावाला जोडून घेतलं. एक तर नौदलातले बडे अधिकारी होते. त्यांनी आपल्या पाच अक्षरी 'मीड'च्या मागे हा मालगाडीचा रेक जोडला. म्हणजे ज्यांचं सोपं होतं त्यांनी कठीण घेतलं, कारण कठीण नावाबरोबर वाडा येत होता. आमच्या पिंपळगावकराबरोबर काय येतं? पाण्याची टाकी!

पण मला सगळ्यांत आवडला तो या आडनावाचा तिसरा गृहस्थ. जॉर्ज विल्यम नावाचा. जन्म १७८०, अमेरिकेत जाऊन तिथल्या सरकारचा पहिला भूगर्भशास्त्रज्ञ झालेला. पुढे तो फ्रान्समध्ये ल हाव्र बंदरात ब्रिटिशांचा कॉन्सल होता. १८४८ साली पॅरिसात क्रांती झाली. राजा लुई फिलिप, फ्रान्सचा शेवटचा राजा, गादी सोडून पळाला आणि लपतछपत किनाऱ्याला आला. गालावरचे कल्ले काढलेले, डोळ्यांवर मोठा चष्मा. त्याला बोटीत बसवून इंग्लंडला पोचवायची जबाबदारी आली आमच्या या कॉन्सलवर. त्याने राजाला आपला काका केलं! बंदरात सगळ्यांदेखत "काय काका, कसे आहात?" असं विचारून त्याला हाताला धरून बोटीवर नेलं. आणि काकाला नाव कोणतं दिलं? स्वतःचं लांबलचक? छे! नाव दिलं स्मिथ. मिस्टर स्मिथ! इंग्लंडात दगड मारला तर ज्याला लागेल, तो.

हे वाचलं आणि मला पुतण्याला काय सांगायचं ते सापडलं. लगेच फोन लावला. तिकडे किती वाजलेत हे पाहण्याचंही भान राहिलं नाही. सगळी कुळकथा ऐकवली. चार दगड, मळई, चतुर्, दूधघर, बोट. आणि शेवटी आवाज चढवून म्हटलं, "अरे, तो राजा गादी सोडून पळत होता, म्हणून त्याने साधंसं नाव घेतलं. तुझ्यामागे कोण लागलंय? तू कशाला पळतोस?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, घायाळ झाला. मग तो म्हणाला, "काका, तुमच्या ऑफिसात ते स्वामी होते ना?"

"होते की. माझ्या शेजारच्याच टेबलावर. का?"

"ते घरी यायचे तेव्हा मला केळ्याचे वेफर्स आणायचे. त्यांचं खरं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं. मिटलं. आणि दवाखान्यातल्या त्या बाईसारखा नुसताच हसलो.

फोन ठेवल्यावर मी पुष्कळ आठवून पाहिलं. तो तंजावरकडचा. त्याचं नाव लांब होतं. आधी गावाचं नाव, मग वडिलांचं, मग त्याचं. तो रुजू झाला त्या दिवशी आमच्या हेडक्लार्कनी कागद पाहिला आणि म्हणाले, "एवढं कोण म्हणणार? यात शेवटी स्वामी आहे, आपण स्वामी म्हणू." आम्ही सगळे हसलो. तोही हसला. मी तर सगळ्यांत मोठ्याने हसलो, कारण मीही नवीनच होतो आणि हेडक्लार्कच्या विनोदाला हसणं हा नोकरीचा भाग होता. तीस वर्षं तो आमचा स्वामी होता. कधीकधी कँटीनमध्ये 'अण्णा'. आम्हांला ते प्रेमाचं वाटायचं. त्याला काय वाटायचं, हे विचारायचं राहून गेलं.

मी माळ्यावरची पेटी काढली. निवृत्तीच्या वेळचा ग्रूप फोटो सापडला. खाली सगळ्यांची नावं छापलेली. डावीकडून चौथा तो, पाचवा मी. त्याचं नाव दोन ओळींत आलं होतं. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा अडखळलो, दुसऱ्यांदा कमी अडखळलो, तिसऱ्यांदा सरळ म्हणता आलं. एकूण वेळ लागला दोन मिनिटं. तीस वर्षांत जी दोन मिनिटं मिळाली नव्हती, ती.

त्याचा नंबर जुन्या डायरीत होता. फोन लावला. पलीकडून तोच आवाज, जरासा म्हातारा झालेला. मी त्याचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हटलं, "आहेत का?"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

मी नुसतं "ओळख पाहू" म्हटलं. आणि त्याने आवाज ओळखला.

"अरे, पिंपळगावकर!"

त्यातला 'ळ' अगदी स्वच्छ होता, आमच्या पुण्याच्या भाच्यांहूनही स्वच्छ. एक अक्षर गाळलं नव्हतं, एक आवाज चुकला नव्हता. आणि मग लक्षात आलं, की तो पहिल्या दिवसापासून, तीस वर्षं, मला असंच पुरतं नाव घेऊन हाक मारत आला होता.